अंगी न लागलेली लस

माझ्या दोन्ही दंडांत मिळून हिपॅटायटिस बीच्या लशीची सहा इंजेक्शनं झाली आहेत, आणि त्यातलं एकही अंगी लागलेलं नाही.

पहिली तीन नोकरीला लागलो तेव्हा घेतली. आज एक, महिन्यानं दुसरं, सहा महिन्यांनी तिसरं. लस घेतली म्हणजे झालं, असंच तेव्हा वाटायचं. पुढं बऱ्याच वर्षांनी सांगलीच्या या दवाखान्यात डायलिसिस विभागात जागा झाली. तिथं कामाच्या वेळा ठरलेल्या असतात म्हणून मी अर्ज केला. तिथं घेण्याआधी रक्त तपासतात. लशीमुळं अंगात किती ताकद तयार झाली हे त्यात कळतं, त्याला टायटर म्हणतात. आकडा निदान दहा तरी लागतो. माझा दोनसुद्धा नव्हता. म्हणून पुन्हा तीन इंजेक्शनं घेतली, पुन्हा सहा महिने गेले, पुन्हा रक्त दिलं. आकडा हलला नाही. आमच्या फिजिशियननी कागद उलटा करून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "काही जणांचं असं असतं, ब्रदर. तुमचं काही चुकलेलं नाही. फक्त सुईला जपा."

दवाखान्यात पुरुष नर्सला ब्रदर म्हणतात. मला माझ्या नावानं हाक मारणारं तिथं आता कुणी उरलेलं नाही.

डायलिसिसची जागा गेली. मी पुरुषांच्या मेडिकल वॉर्डातच राहिलो. त्याच वर्षी नर्सिंग कॉलेजच्या मुलामुलींच्या लसीकरणाचं रजिस्टर माझ्याकडं आलं. दर वर्षी नवी साठ पोरं येतात. त्यांना बसवायचं, समजवायचं, टोचायचं, तारखा लिहायच्या आणि सहा महिन्यांनी तिसऱ्या डोसला त्यांना शोधत फिरायचं. सुईवर टोपण परत घालायचं नाही, हे मी त्यांना दर वर्षी सांगतो. वापरलेली सुई सरळ कटरमध्ये. टोपण घालायला गेलं की सुई हमखास बोटात जाते.

ज्या वर्षाचं मी सांगतोय त्या वर्षी श्रावणात वॉर्ड भरलेला होता. दोन कॉटच्या मधे खाली गादी टाकून पेशंट झोपवले होते. एका सोमवारी दुपारपाळीच्या ब्रदरचा निरोप आला की त्याला ताप आहे. इनचार्ज सिस्टर माझ्याजवळ आल्या आणि काही न बोलता उभ्या राहिल्या. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, आणि दुसऱ्याला थांब म्हणायचाही त्यांना कंटाळा आला होता. मी थांबतो म्हणालो. सकाळी सातपासून मी उभाच होतो. डबा तसाच होता.

अडीचच्या सुमारास अकरा नंबरच्या कॉटवरच्या म्हाताऱ्याचं रक्त काढायचं होतं. जतकडचा माणूस. अंगात बंडी, पोट पाण्यानं तटतटलेलं, डोळे पिवळे. यकृत गेलेलं होतं. त्याचा हिपॅटायटिस बीचा रिपोर्ट सकाळीच पॉझिटिव्ह आला होता आणि तो मीच केस पेपरला लावला होता. त्याची शीर चांगली होती, पहिल्याच वेळी रक्त मिळालं. मी कापूस दाबला, रक्त बाटलीत सोडलं. सुई कापायचं कटर खिडकीजवळच्या ट्रॉलीवर, मधे दोन गाद्या आणि त्यांचे नातेवाईक. टोपण डाव्या हातात होतं. मी ते सुईवर घातलं.

मुंगी चावल्यासारखं झालं. डाव्या तर्जनीच्या टोकाला हातमोज्याच्या आत लाल ठिपका दिसला आणि तो हळूहळू मोठा झाला.

काय करायचं ते पाठ होतं. नळाखाली साबणानं धुवायचं, बोट दाबायचं नाही, पिळायचं नाही. मी बराच वेळ पाणी सोडून उभा राहिलो. इनचार्ज सिस्टर आल्या, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि त्यांनी कपाटातून सुई टोचल्याचा फॉर्म काढला. कुणाची सुई, किती वाजता, सगळं विचारून त्या लिहीत गेल्या. मग विचारलं, कसं झालं.

"पेशंटचा हात हलला," मी म्हणालो.

हे मी ठरवून बोललो नाही. पण बोललो, आणि त्यांनी लिहिलं. फॉर्मवर सही करायला आलेला निवासी डॉक्टर तरुण होता, तोही थकलेला. तो तसाच अकरा नंबरकडं गेला आणि म्हाताऱ्याला म्हणाला की आजोबा, रक्त काढताना हात हलवायचा नसतो, बघा आमच्या माणसाला केवढा धोका झाला. म्हाताऱ्याचा थोरला मुलगा शेजारी उभा होता, त्यानं मान खाली घातली. म्हातारा आपल्या उजव्या हाताकडं बघत राहिला. मी दहा पावलांवर नळापाशी होतो. मला सगळं ऐकू आलं.

ज्याला लस लागू पडली आहे त्याला अशा वेळी विशेष काही करावं लागत नाही. माझ्यासारख्याला तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन घ्यावं लागतं, तेही लवकर, आणि महिन्यानं पुन्हा एकदा. ते आमच्याकडं शिल्लक नव्हतं. मिरजेला मिळालं. बर्फाच्या डब्यातून येईपर्यंत संध्याकाळ झाली. दोन्ही बाजूंना कमरेखाली टोचलं. माझं रक्त तपासायला घेतलं. ते निगेटिव्ह येणारच होतं, कारण त्या दिवसाचं रक्त आदल्या दिवसापर्यंतचंच सांगतं. खरं काय ते सहा महिन्यांनी कळणार होतं.

विश्रामबागेत आमच्या भाड्याच्या दोन खोल्या आहेत. बायको बालवाडीत शिकवते. तिला मी चहा घेताना सांगितलं. तिनं आधी विचारलं, कुणाचं रक्त होतं. मग कपबशी विसळून आली आणि म्हणाली, "मला लस दिलीय का हो तुमी कवा?"

दिली नव्हती. आमच्या मुलीला तान्ही असताना दिली होती. बायकोची राहिली होती.

"साठ-साठ पोरांना टोचताय वर्षाला," ती म्हणाली. "आन् घरात मी तशीच."

ती रागावलेली नव्हती, हे जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी बालवाडी सुटल्यावर ती दवाखान्यात आली आणि तिला पहिला डोस दिला. दंडावर कापूस धरून बाकावर बसली होती. मी वॉर्डात परत जाताना मागं वळून पाहिलं तर ती भिंतीवरचा लशीचा तक्ता वाचत होती.

त्याच आठवड्यात गुरुवारी नव्या पोरांचा पहिला डोस होता. साठजण रांगेत. कुणी हसतंय, कुणी डोळे मिटून घेतंय, एक मुलगा टोचायच्या आधीच खुर्चीवरून घसरला. मी नेहमीचं सगळं सांगितलं. दंडातच घ्यायची, तिन्ही डोस पुरे करायचे, नंतर टायटर बघायचं. सुईवर टोपण घालायचं नाही, हेही सांगितलं. बोटाला चिकटपट्टी होती. रहिमतपूरकडच्या एका मुलीनं विचारलं, सर, तुम्ही घेतलीय का लस. मी घेतली म्हणालो. ते खोटं नव्हतं.

अकरा नंबरचा म्हातारा अजून वॉर्डातच होता. त्याच्या पोटातलं पाणी काढत होते. रोज त्याचं रक्त काढायचं, सलाइन लावायचं, आणि बहुतेक वेळा ते माझ्याच पाळीत यायचं. बुधवारपासून तो एक करायला लागला. मी ट्रे घेऊन आलो की उजवा हात कॉटवर सरळ ठेवायचा आणि डाव्या हातानं तो मनगटापाशी दाबून धरायचा. एवढा जोर लावायचा की डाव्या हाताची बोटं थरथरायची. माझं काम होईपर्यंत श्वास धरून ठेवायचा. मी म्हणायचो, आजोबा, सोडा हात, काही होत नाही. तो मान हलवायचा, पण सोडायचा नाही.

सात-आठ दिवस हे चाललं. रोज मनाशी ठरवायचो की आज सांगू. शेजारी कुणीतरी असायचं, नाहीतर पुढच्या कॉटवरून हाक यायची. माझ्या सुटीच्या दिवशी त्याला घरी सोडलं. दुसऱ्या दिवशी कामावर आलो तर अकरा नंबरवर एक मधुमेहाचा पोरगेला माणूस झोपला होता.

तो महिना कसा गेला हे नीट आठवत नाही. रोज सकाळी लघवीचा रंग बघायचो. जेवण नको वाटलं की वाटायचं, हे त्याचंच. आरशात डोळ्याची पापणी खाली ओढून बघायचो. दाढीचं सामान वेगळ्या डब्यात ठेवलं आणि डबा उंच फळीवर. बायकोनं एकदाही त्यावर काही म्हटलं नाही, पण नेलकटर तिनं नवीन आणला, स्वतःसाठी. कामावर सगळे नीट वागत होते. दोघीतिघींनी येऊन विचारलं की टायटर कुठं करतात. मी सुई हातात घेतली की आधी कटर कुठं आहे ते बघायचो, मग पेशंटकडं. एवढी वर्षं जे न बघता व्हायचं ते आता एकेक करून करायला लागायचं, आणि त्यानं दमायला व्हायचं.

महिन्यानं ते दुसरं इंजेक्शन घेतलं आणि दोन दिवस गावी गेलो. आमचं गाव औंधच्या पलीकडं, कोरड्या अंगाला. वडिलांनी, म्हणजे आबांनी, सगळं आयुष्य मेंढरांमागं काढलं. आता गुडघे गेलेत, दारात बसून असतात. थोरला भाऊ थोडी मेंढरं राखून आहे. आबांना मी सुई टोचल्याचं, लस न लागल्याचं सांगितलं. लस लागत नाही म्हणजे काय हे त्यांना समजवावं लागेल असं वाटलं होतं, पण ते त्यांना लगेच कळलं. पावसाळ्याच्या आधी जनावरांचा डॉक्टर आंत्रविषाराची लस टोचायला यायचा, तेव्हा टोचलेल्या मेंढराच्या पाठीवर रंग लावायचं काम लहानपणी माझ्याकडं असायचं.

"एखादुसरं मेंढरू आसतंच तसलं," आबा म्हणाले. "टोचलं तरी त्येच्या अंगाला बसत न्हाई. त्येला काय इलाज न्हाई. चूक कुनाची झाली पन?"

"माझीच. टोपण घालायला गेलो."

ते मी पहिल्यांदा तोंडानं बोललो. आबा थोडा वेळ तंबाखू मळत राहिले. मग मी त्यांना म्हाताऱ्याच्या हाताचंही सांगितलं, तो कसा दाबून धरायचा ते.

"आजून तसाच धरून बसला आसंल त्यो," आबा म्हणाले. "सांगून टाक रं."

मग भाऊ आला, त्याच्याशी ते चाऱ्याचं बोलायला लागले.

सांगलीला परतल्यावर आधी इनचार्ज सिस्टरांकडं गेलो. त्या औषधांच्या मागणीचा इंडेंट भरत होत्या. मी म्हणालो की फॉर्ममध्ये दुरुस्ती करायची आहे, पेशंटचा हात हलला नव्हता. त्यांनी पेन खाली ठेवलं नाही.

"मला माहीत आहे, ब्रदर," त्या म्हणाल्या. "ट्रेमध्ये सुई बघितली मी. टोपण अर्धं बसलेलं होतं."

मग तुम्ही तसं का लिहिलं, हे मी विचारलं नाही. त्यांनीच थोड्या वेळानं सांगितलं की तेव्हा माझं तोंड बघून त्यांना आणखी काही विचारावंसं वाटलं नाही. त्यांनी फाइल काढली, मी खाली खरं काय ते लिहिलं आणि दोघांनी सही केली. वरून एक नोटीस आली, काळजी घ्या अशी. तेवढंच.

म्हाताऱ्याच्या थोरल्या मुलाचा फोन नंबर केस पेपरवर होता. दुपारी जिन्यात उभा राहून लावला. मुलगा आधी घाबरला, त्याला वाटलं आणखी काही रिपोर्ट आला. मी म्हणालो वडिलांशीच बोलायचं आहे. त्यानं फोन नेऊन दिला. पलीकडं धाप ऐकू येत होती.

"आजोबा, मी दवाखान्यातला ब्रदर. मला सुई टोचली त्या दिवशी तुमचा हात हलला नव्हता. मी खोटं सांगितलं. चूक माझी होती."

पलीकडं फोन या कानावरून त्या कानाला गेल्याचं ऐकू आलं.

"मला वाटलं, हाललाच आसंल," म्हातारा म्हणाला. "ह्या वयाला कळतंय व्हय, कवा हाललं आन् कवा न्हाई." मग धाप लागली म्हणून थांबला. "तुमची तब्येत बरी हाय न्हवं?"

बरी आहे म्हणालो. मग मुलाला पुन्हा फोनवर घेतला आणि सांगितलं की आई, तू, धाकटा, सगळ्यांचं रक्त तपासून घ्या, ज्यांना लागण नसेल त्यांना लस देऊ. हे त्यांना घरी सोडतानाच कुणीतरी सांगायला हवं होतं. कदाचित सांगितलंही असेल. लोकांना त्या वेळी काय ऐकू येतं?

त्याच आठवड्यात पोरांचा दुसरा डोस होता. टोचायला सुरुवात करायच्या आधी मी रजिस्टर मिटलं आणि त्यांना सगळं सांगितलं. सहा डोस, दोनाच्या खालचा आकडा, टोपण, म्हातारा. कुणी हसलं नाही. मागच्या बाकावर कुणीतरी मोबाइल बघत होतं, तेही बंद झालं. मला त्यात फार मोकळं वगैरे वाटलं नाही. पाणी प्यायलो आणि कामाला लागलो.

सगळे गेल्यावर रहिमतपूरकडची ती मुलगी परत आली. दारातच उभी राहिली.

"सर, मलाही टोचलीय," ती म्हणाली. "दोन आठवडे झाले."

तिची वॉर्डातली पहिलीच पाळी. साखरेच्या तपासणीची सुई, टोपण घालताना. कुणाला सांगितलं तर कॉलेजातून काढतील, घरी कळवतील, म्हणून गप्प राहिली होती. वडील फौजेत, आई ऊस बघते, पोरीला शिकवायला त्यांनी घरच्यांशी भांडण घेतलेलं. दोन आठवडे ती रोज कॉलेजला येत होती, जेवत नव्हती, आणि मैत्रिणींना वाटत होतं घरची आठवण येते. मी तिला बसवलं. पेशंट कोण होता हे तिच्या पक्कं ध्यानात होतं, वॉर्ड, कॉट, वार, सगळं. इनचार्ज सिस्टर आणि मी मिळून जुने केस पेपर काढले. त्या माणसाच्या ऑपरेशनच्या आधी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, तिन्ही तपासण्या झाल्या होत्या आणि तिन्ही निगेटिव्ह होत्या. तरी डॉक्टरांनी तिचं रक्त घेतलं, पुन्हा कधी तपासायचं ते लिहून दिलं; दुसरा डोस त्याच दिवशी रांगेत झालेला होताच. कागद दाखवला तेव्हा ती ओढणी तोंडावर धरून रडली. सिस्टर तिच्यापाशी बसून राहिल्या. त्यांना मी एवढा वेळ कुणापाशी बसलेलं पाहिलं नव्हतं.

म्हाताऱ्याच्या घरचे पंधरा दिवसांनी आले. म्हातारा आला नव्हता. त्याची बायको आणि धाकटा मुलगा निगेटिव्ह निघाले, त्यांना लस सुरू केली. थोरला, जो त्या दिवशी मान खाली घालून उभा होता, तो पॉझिटिव्ह निघाला. त्याला काहीच त्रास नव्हता. फिजिशियननी त्याला नीट समजावलं की नियमित तपासत राहिलं तर बरीच वर्षं काही होत नाही, गरज पडली तर गोळ्या आहेत. तो ऐकून घेऊन म्हणाला की वडिलांना हे सांगू नका. कुणी सांगितलं नाही. दिवाळीनंतर म्हातारा गेला. ते मला त्यांच्या पुढच्या डोसच्या वेळी कळलं, धाकट्याच्या डोक्यावर केस नव्हते त्यावरून.

माझा सहा महिन्यांचा रिपोर्ट माघात आला. लॅबमधल्या मुलीनं खिडकीतूनच सांगितलं, निगेटिव्ह आहे ब्रदर, या आणि कागद घ्या. मी कागद घेतला, घडी घातली, पाळी संपेपर्यंत काम केलं. बायकोला फोन केला तेव्हा मागं बालवाडीतली पोरं ओरडत होती. तिनं एकदा नीट विचारून घेतलं, म्हणजे नाहीच ना. नाहीच म्हणालो. मग ती पोरांवर ओरडली आणि मला म्हणाली, घरी या लवकर. घरी गेलो आणि चपलाही न काढता दिवाणावर आडवा झालो. आनंद व्हायला पाहिजे होता, तो झालाही असेल. पण मला नुसती झोप आली. जागा झालो तेव्हा कुणीतरी चपला काढून ठेवल्या होत्या.

तिसऱ्या डोसला साठापैकी त्रेपन्न आले. उरलेल्या सातांतले दोघे तापानं आजारी होते, एकीच्या घरी लग्न होतं, चौघांचे फोन लागत नव्हते. मी दुपारभर रजिस्टर घेऊन फोन लावत बसलो. संध्याकाळपर्यंत चारांतले तिघे लागले. चौथ्याचा नंबरच बदलला होता. त्याचा मित्र म्हणाला, तो आता साताऱ्याला काकाकडं असतो, नवा नंबर मिळवून देतो. मी म्हणालो, दे.